‘एका झटक्यात मोबाइल काढून घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘तुमचं मूल नशेत आहे’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज 2021 मध्ये घराघरांत फिरत होता. जागतिक आरोग्य संघटनेने मोबाइलचं व्यसन हा आजार जाहीर केलाय, मोबाइल म्हणजे कोकेनच, चीनने मुलांचे मोबाइल बंद केले, निळ्या प्रकाशाने डोळ्यांचा पडदा जळतो, असे त्यातले दावे. वर उपाय: फोन एका झटक्यात काढून घ्या, मूल रडलं, जेवलं नाही तरी 21 दिवस देऊ नका. माझ्या ताईने तो वाचला आणि तेव्हा दहावीत असलेल्या भाच्याचा फोन कुलपात टाकला. म्हणून हे लिहितेय.

आधी आरोग्य संघटनेचं, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, आयसीडी-11 मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. मोबाइलचं किंवा इंटरनेटचं व्यसन त्यात आजार म्हणून नाही. हे वर्गीकरण मे 2019 मध्ये, म्हणजे कोरोनाच्या आधीच मंजूर झालं आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं. लॉकडाउनमधली मुलं बघून कोणी हे ठरवलेलं नाही. निकषही कडक आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, त्यापायी अभ्यास आणि नाती यांची मोठी हानी होणं, आणि हे सगळं साधारण वर्षभर चालणं. दिवसाचे किती तास, हा निकषच नाही.

भाचा तेव्हा दिवसभर फोनवर असायचा, खरं आहे. पण काय करत असायचा ते बघा ना! सकाळभर गूगल मीटवर शाळा, हजेरी चॅटमध्ये ‘प्रेझेंट मॅम’ लिहून. गृहपाठ वहीत करायचा, पानांचे फोटो काढायचे, पीडीएफ करून वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. अडलं तर मित्राला व्हिडिओ कॉल. संध्याकाळी त्याच मित्रांबरोबर गेम, हो, तोही खेळायचा. कोरोनामुळे मार्च 2020 पासून शाळा बंद होत्या, कित्येक महिने मैदानंही बंद होती. पंधरा वर्षांच्या मुलाने मित्रांना भेटायचं तरी कुठे? फोन कुलपात गेला आणि त्याची गणिताची चाचणी बुडाली.

माझा खरा संताप त्या 21 दिवसांच्या उपायावर आहे. 21 दिवसांत सवय बदलते, हा त्यामागचा समज. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये सवयींवर अभ्यास प्रसिद्ध केला. रोजची एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले; कोणाला 18, तर कोणाला थेट 254 दिवस, असा अंदाज निघाला. तोही सवय लावण्याचा अभ्यास, व्यसन सोडवण्याचा नव्हे. आणि ‘जेवलं नाही तरी देऊ नका’? जे मूल जेवणं सोडतं त्याच्याशी आधी बोलायचं असतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कितीतरी मुलांनी घरातलं माणूस गमावलं. झोप येत नाही म्हणून असं एखादं मूल रात्री मित्राशी बोलत बसत असेल, तर फोन काढून तुम्ही त्याचा तेवढाही आधार काढून घेताय.

चीनचं अर्धसत्य आहे. ऑगस्ट 2021 अखेर आलेला नियम ऑनलाइन गेमपुरता आहे, मोबाइलबंदी नाही: 18 वर्षांखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्ट्यांना रात्री 8 ते 9. तो पाळायची जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय. मुलांना रात्री 12 ते सकाळी 6 ऑनलाइन गेम बंद करणारा 2011 चा कायदा दक्षिण कोरियाने त्याच ऑगस्टमध्ये रद्द करायचं ठरवलं, हे मात्र मेसेजमध्ये नाही.

कोकेनबद्दल एवढंच, की आवडत्या कुठल्याही गोष्टीने मेंदूत डोपामिन हे रसायन वाढतं, त्यावरून व्यसन ठरत नाही. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, असं अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीच सांगते.

झोपेचं मात्र मान्य करावं लागेल. रात्री दोनपर्यंत फोन हातात असेल तर दुसऱ्या दिवशी मूल चिडचिडं होणारच. झोपताना सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, आईबाबांचेसुद्धा. आणि वरचे निकष खरोखर लागू पडणारी मुलंही आहेत, थोडी असली तरी. त्यांच्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत 2014 पासून ‘शट’ क्लिनिक (तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठीचं) चालू आहे. तिथे जाणं लांब पडत असेल तर जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि मुलाला का नेताय ते त्याला आधी सांगा.