चालू सर्व्हरवर पॅकेज परत बसवू नये म्हणे!

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांत एक मेसेज फिरतोय: "लिनक्सच्या सिस्टिम फाइली उडाल्या तर चालू मशीनवर पॅकेज परत टाकू नका, सेवा जागीच कोसळतील. आधी रीबूट करा. नाहीतर सरळ फॉरमॅट." (पॅकेज म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमच्या फाइलींचा गठ्ठा, आणि सेवा म्हणजे सर्व्हरवर मागे सतत चालणारे प्रोग्रॅम.)

"सेवा जागीच कोसळतील." ही धास्ती बहुधा विंडोजची सवय असलेल्यांची. तिथे वापरातली फाइल सहसा बदलताच येत नाही. लिनक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि मजकूर धरून ठेवणारा आयनोड वेगळा. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर रीइन्स्टॉल सांगितलं की डीपीकेजी, म्हणजे पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम, नवी फाइल आधी शेजारी तात्पुरत्या नावाने लिहितं आणि मग एका झटक्यात मूळ नावावर आणून ठेवतं. अर्धवट फाइल कुणाच्या हाती लागत नाही, आणि चालू प्रोग्रॅम जुनाच आयनोड धरून बसलेला असल्याने त्याला पत्ताही नसतो.

खरं आहे ते एवढंच, की पॅकेजसोबतच्या स्क्रिप्टा सेवा रीस्टार्ट करतात. डेटाबेसच्या पॅकेजला भरदिवसा हात लावलात तर कनेक्शनं तुटणारच. त्यावर उपाय म्हणजे पॉलिसी-आरसी-डी ही दोन ओळींची स्क्रिप्ट; सेवा रीस्टार्ट करण्याआधी तिला विचारलं जातं. तिने १०१ हा कोड परत केला की सेवांना कुणी हात लावत नाही. काम झाल्यावर ती काढा मात्र. मी एकदा विसरलो, आणि पुढच्या अपडेटनंतर सेवा रीस्टार्ट का होईना हे शोधण्यात अख्खी दुपार गेली.

"आधी रीबूट करा." सगळ्यात घातक सल्ला हाच. प्रोग्रॅमची फाइल उडाली असली तरी तो चालू आहे तोवर प्रोक फोल्डरमधल्या (तिथे चालू प्रोग्रॅमांची माहिती दिसते) त्याच्या एक्सई दुव्यावरून ती कॉपी करून घेता येते. लिबसी, म्हणजे जवळपास सगळ्या प्रोग्रॅमांना लागणारी लायब्ररी, उडाली तर एलएस (फाइलींची यादी), सीपी (कॉपी) या साध्या कमांडसुद्धा चालत नाहीत. पण आधीच उघड्या असलेल्या बॅश सेशनमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, सीडी, इको या बॅशच्या स्वतःच्या कमांड चालतात, आणि स्टॅटिक बिझीबॉक्स (लायब्ररीशिवाय चालणारा, बऱ्याच कमांड एकत्र असलेला प्रोग्रॅम) आधीपासून असेल तर बाकीचंही भागतं. ते उघडं सेशन म्हणजे तुमचा शेवटचा दोर. रीबूट केलंत की तो गेला, आणि मशीन बहुधा उठणारच नाही.

सेवा नव्या फाइलीवर आणायला रीस्टार्ट लागतो, मशीनचा नव्हे, त्या सेवेचा. कोणत्या सेवा जुनं धरून बसल्यात ते नीडरीस्टार्ट हा प्रोग्रॅम सांगतो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर तर यूएसआर२ सिग्नल (चालू प्रोग्रॅमला दिलेली खूण) मिळाला की कनेक्शनं न तोडता नव्या प्रोग्रॅमवर जातो. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, गोष्ट वेगळी: २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून लाइव्हपॅचची, म्हणजे चालू असतानाच दुरुस्तीची, सोय आहे, पण ती नेमक्या दुरुस्त्यांपुरती. अख्खं कर्नल बदलायचं तर रीबूट आलंच.

"मी रीइन्स्टॉल केलं, फाइल आलीच नाही" असंही लोक त्या मेसेजखाली लिहितात. ती ईटीसी फोल्डरमधली कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल असणार. तुम्ही ती मुद्दाम काढलीत असं डीपीकेजी धरून चालतं. फोर्स-कॉन्फमिस हा पर्याय दिल्यावरच परत ठेवतं.

राहिलं फॉरमॅट. मशीनमध्ये कुणी घुसल्याचा संशय असेल तर ते जरूर करा. डीपीकेजीची पडताळणी त्याच मशीनवरच्या नोंदींशी ताडून होते, आणि घुसणाऱ्याने त्या नोंदीही बदललेल्या असू शकतात.