‘डी’ला टाकलंय ना, मग झालं!

‘कॉम्प्युटरवाल्याला पाचशे रुपये देण्याआधी हे वाचा’ अशा मथळ्याचा एक निरोप गेल्या पंधरवड्यात मला चार जणांनी पाठवला. एक सोसायटीच्या ग्रुपवरून आला, दोन नात्यातून, आणि चौथा एका जुन्या गिऱ्हाइकाने, खाली हसणारा चेहरा टाकून. चिपळूणला वीसेक वर्षं मी डीटीपी आणि कॉम्प्युटर दुरुस्ती करतोय, म्हणजे ज्याला पाचशे रुपये देऊ नका म्हणतात तो मीच. माझं बोलणं पोटदुखीतून आलंय असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

निरोपात सात उपाय आहेत. दर दहा मिनिटांनी रिफ्रेश मारा, रॅम मोकळी होते. टेम्प आणि प्रीफेच फोल्डर रिकामे करा, रजिस्ट्री क्लीनर चालवा. दर आठवड्याला डीफ्रॅग करा. महिन्यातून एकदा सीपीयू उघडून व्हॅक्यूम क्लीनर फिरवा, रॅम खोडरबराने घासा, स्क्रीन काचेच्या स्प्रेने पुसा. एकाऐवजी दोन अँटिव्हायरस टाका. महत्त्वाच्या फाइली सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हला हलवा, हाच घरचा बॅकअप. आणि उरलेलं गुगल ड्राइव्हला सिंक करून टाका, जन्माची काळजी मिटली. शेवटी ‘आपल्या माणसांना पाठवा’ आहेच.

रिफ्रेशचं आधी उरकून टाकू. एफ ५ दाबलं की पडद्यावरची आयकॉनं पुन्हा रेखाटली जातात, बस्स. नवी फाइल दिसत नसेल तर दिसायला लागते. रॅमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. सायबर कॅफेत लागलेली ही सवय आहे. माझाही हात शिवशिवतो, नाही म्हणत नाही. मशीन खरोखर ताजं करायचं असेल तर रीस्टार्ट करा, आणि तेही शट डाऊनऐवजी. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. त्यात शट डाऊन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री न चुकता बंद केलेलं मशीन तिथे ‘एकोणीस दिवस चालू’ म्हणून सांगताना मी गिऱ्हाइकांना दाखवलंय.

दुसऱ्या उपायात टेम्पचं बरोबर आहे, उडवा खुशाल. प्रीफेच मात्र कचरा नव्हे. कोणता प्रोग्रॅम उघडताना कोणकोणत्या फाइली लागतात याची टिपणं विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, तिथे ठेवली जातात, म्हणून तो प्रोग्रॅम पुढच्या वेळी लवकर उघडतो. टिपणं पुसली की विंडोजला पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागतात. वाण्याची उधारीची वही फाडून दुकान स्वच्छ केल्यासारखं आहे ते. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंगांची नोंदवही. ती झाडणाऱ्या क्लीनरला तर खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. काही शे निरुपयोगी नोंदी काढून वेग वाढत नाही, आणि त्यांतली एखादी कामाची निघाली तर प्रिंटर बोलायचा बंद होतो. शिवाय असली ‘सफाई’ची सॉफ्टवेअरं आणायची कुठून? सप्टेंबर २०१७ मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच कुणीतरी घातकी कोड घुसवल्याचं उघड झालं. ती आवृत्ती वीस लाखांहून जास्त मशीनांवर बसलेली होती. झाडूतच विंचू.

डीफ्रॅगचा सल्ला पंधरा वर्षांपूर्वी बरा होता. फिरत्या हार्डडिस्कवर फाइलचे तुकडे इकडेतिकडे पडले की वाचणाऱ्या सुईला धावपळ होते. ते तुकडे ओळीने लावले की फरक पडायचा. एसएसडी म्हणजे चिपांवर लिहिणारी नवी डिस्क, तिच्यात ना तबकडी, ना सुई. तुकडा कुठेही असो, सापडायला तेवढाच वेळ. उलट बाहेरून आणलेलं डीफ्रॅग सॉफ्टवेअर चालवलंत तर फुकटचं लिहिणं-पुसणं होतं आणि एसएसडीचं लिहिण्याचं आयुष्य मोजकंच असतं. विंडोज स्वतः डिस्कचा प्रकार ओळखून हे काम ठरल्या वेळी करत असतं. तुम्ही त्यात पडू नका. जुनं मशीन रडत असेल तर स्टार्टअपमधली नको ती अॅप्लिकेशनं बंद करा, आणि अजून हार्डडिस्कवरच विंडोज असेल तर एसएसडी बसवून घ्या. इतका फरक दुसऱ्या कशानेच पडलेला मी पाहिलेला नाही.

चौथ्या उपायापाशी जरा थांबतो, कारण यात निम्मं खरं आहे. धूळ काढायलाच हवी. प्रोसेसरवर त्याची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक असतो, त्याच्या पात्यांमध्ये फॅनखाली जुन्या गादीतल्या कापसासारखा थर बसतो, हवा खेळत नाही, मशीन तापतं आणि स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतं. लोक म्हणतात, विंडोज स्लो झालं. पण व्हॅक्यूम क्लीनर नको. त्याच्या प्लॅस्टिकच्या नळीत घर्षणाने स्थिर वीज साठते आणि बोर्डाला टेकली की एखादी चिप जाते, कळतही नाही. छोटा हवेचा ब्लोअर घ्या, वायर काढा, सीपीयू गॅलरीत न्या, आणि हवा मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलंत तर ते हवेच्या झोताने वाटेल तसं गरगरतं आणि बेअरिंग जातं. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा, पत्र्याचा डबा मात्र उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही वीज राहते.

आमच्या कोकणात धुळीइतकाच त्रास पालींचा. कॅबिनेटच्या मागे कार्ड काढलेल्या जागेची पत्र्याची पट्टी हरवलेली असते, तिथून पाल उबेला आत जाते. ‘अचानक बंद पडला, जळका वास येतोय’ म्हणून आलेल्या मशीनमध्ये बोर्डावर आडवी वाळलेली पाल मी एकदा नाही, कितीतरी वेळा काढलीय. पट्टी नसेल तर जाड पुठ्ठा नीट कापून चिकटवा. हे त्या निरोपात कुठेच नाही.

खोडरबराचं? चालतं. पावसाळ्यात संपर्काच्या पट्ट्यांवर थर चढतो, मशीन नुसतं बीप करतं, रॅम काढून पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसली की सुरू होतं. पण ते आजारपणातलं औषध आहे. दर महिन्याला घासलंत तर पट्टीवरचा सोन्याचा पातळ मुलामाच निघून जाईल. स्क्रीनवर काचेचा स्प्रे अजिबात नको. त्यातल्या अमोनियाने वरचा थर चट्ट्याचट्ट्यांनी उतरतो, आणि ओघळ खालच्या पट्टीत शिरला तर पॅनेलच गेलं. मऊ मायक्रोफायबर फडकं, ते किंचित ओलं, आणि स्क्रीन बंद. पुरे.

दोन अँटिव्हायरस म्हणजे एका दारावर दोन राखणदार, जे एकमेकांनाच चोर समजतात. विंडोज ८ पासून डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस आतच येतो, घरच्या वापराला तो पुरतो. अपडेट मात्र चालू ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातली मशीनं कुलूपबंद केली, तेव्हा तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरला त्यावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. विंडोज १० ची नेहमीची अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, हेही लक्षात असू द्या.

आता सहावा उपाय. या निरोपातला सगळ्यात घातकी हाच, आणि त्याचं पाप थोडंफार आमच्या धंद्याच्याही माथी आहे. एक्सपीच्या काळात व्हायरस शिरायचा, विंडोज बसायचं, आणि आम्ही सी फॉरमॅट मारायचो. गिऱ्हाइकाच्या फाइली उडू नयेत म्हणून एकाच हार्डडिस्कचे दोन-तीन भाग पाडून द्यायचो आणि बजावायचो, ‘सगळं डीला ठेवत जा.’ तेवढ्यापुरतं ते बरोबर होतं. विंडोज बिघडलं तर डी वाचतो. डिस्क बिघडली तर? सी आणि डी ही एका कपाटाच्या दोन कप्प्यांची नावं आहेत. कपाटालाच आग लागली तर कप्पा कोणता हे कुणी विचारत नाही.

एक निवृत्त गुरुजी मशीन घेऊन आले. तीस वर्षांचं लिखाण, नातवंडांचे फोटो. ‘अहो, सी उडवा खुशाल, डीला फक्त हात लावू नका.’ मी स्विच दाबला आणि डिस्कमधून टक्… टक्… टक् असा आवाज सुरू झाला, घड्याळासारखा. आतली सुई जागा शोधते, सापडत नाही, परत मागे येते. गुरुजी म्हणाले, ‘हा आवाज सीचा असेल ना?’ त्यांना काय सांगायचं, मला सुचेना. अशी डिस्क पुन्हापुन्हा चालू करायची नसते, तबकडी आणखी खरवडली जाते. ती उघडायची तर धूळमुक्त खोलीची प्रयोगशाळा लागते आणि तिचं बिल डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट. कुणी सांगितलं म्हणून फ्रीजमध्ये वगैरे ठेवू नका.

हल्लीच्या लॅपटॉपवर आणखी एक भानगड आहे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, डीसकट. मदरबोर्ड गेला तर ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून उपयोग नाही. ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पोराने केव्हातरी उघडून दिलेल्या आणि पासवर्ड विसरलेल्या खात्यात. आजच शोधून कागदावर लिहून ठेवा.

आणि पूर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा ज्यांनी शहाणपणाने बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतली होती, त्यांतल्या कित्येकांची ती डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. सीपीयू, डी ड्राइव्ह, बॅकअप, तिघंही एकाच गाळात. (चिखलात गेलेली डिस्क उन्हात वाळवून चालू करून बघू नका. हवेच्या बारीक छिद्रातून पाणी आत गेलेलं असतं. तशीच द्या कुणाला द्यायची ती.)

मग सातवा उपाय तरी? गुगल ड्राइव्ह वाईट नाही, मीही वापरतो. पण सिंक म्हणजे आरसा. इकडे फोल्डर उडवलंत की तिकडचंही उडतं, कचरापेटीत तीस दिवस राहतं, मग तेही गेलं. हिशेब चुकीचा सेव्ह केलात तर चुकीचाच वर चढतो. फुकटचे १५ जीबी जीमेल आणि फोटोंनाही मिळूनच आहेत, आणि ते भरले की मेलसुद्धा येईनासे होतात. दोन वर्षं खात्याकडे फिरकलाच नाहीत तर गुगल ते काढून टाकू शकतं.

सिंकच्या भरवशावर मोठमोठे बसलेत. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरला आणि मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली. इथे आपल्या जेएनपीटी बंदरातलं तिचं टर्मिनलही बंद पडलं. कोणाला कुठे प्रवेश द्यायचा याची नोंदवही सांभाळणारे त्यांचे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते, आणि ते एकमेकांच्या नकला ठेवायचे. एक पुसला तरी बाकीचे आहेतच, असा हिशेब. सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो एकच, घानातल्या ऑफिसातला, कारण त्या वेळी तिथली लाइट गेली होती. वीज नव्हती म्हणून नेटवर्कला नव्हता, नेटवर्कला नव्हता म्हणून जिवंत राहिला. त्याच्यातला डेटा माणसांनी हातोहात विमानाने इंग्लंडला पोचवला आणि कंपनी उभी राहिली. महावितरणवर वैतागताना मला हा घाना हमखास आठवतो.

म्हणून बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेलं गणित आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. माझ्याकडे दोन डिस्क आहेत. एक दुकानात वरच्या फळीवर, एक कराडला बहिणीकडे. गौरी-गणपतीला ती येते तेव्हा अदलाबदल. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला नाही.

डीटीपीवाल्यांसाठी एक जादा. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तरी लग्नपत्रिका अजून त्यात निघतात. फाइल जपली, पण श्रीलिपी किंवा कृतिदेवचा फॉन्ट नव्या मशीनवर नसला तर आजोबांच्या आठवणी उघडल्यावर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. फॉन्ट त्याच फोल्डरात ठेवा, आणि एकेक पीडीएफ काढून ठेवा.

आणि प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. परवा एक वहिनी आल्या. लॅपटॉप चोरीला गेला होता, पण चेहऱ्यावर काळजी नव्हती, कारण सगळं पेनड्राइव्हवर घेतलेलं होतं. ‘डेस्कटॉपवरचं सगळं उचलून टाकलं होतं हो, एकूण एक.’ मी पेनड्राइव्ह लावला. अठरा फाइली होत्या, नावं बरोबर: ‘घरपट्टी’, ‘आईचे रिपोर्ट’, ‘मुंज फोटो’. आकार प्रत्येकीचा एक-दोन केबी. आणि प्रत्येक चित्राच्या डाव्या कोपऱ्यात तो छोटा वाकडा बाण. शॉर्टकट होते. खऱ्या फाइली लॅपटॉपच्या डी ड्राइव्हला होत्या.