सॅमनचं दुखणं रोहूच्या माथी

नाशिकच्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: निफाड-सिन्नरच्या शेततळ्यांत आणि धरणांतल्या पिंजऱ्यांत वाढवलेला मासा घेऊ नका. मासा जन्मजात मांसाहारी. त्याला सोयाबीन-शेंगदाण्याची पेंड घालून जबरदस्तीनं शाकाहारी केलंय. त्यामुळे त्याच्यात हार्मोन उतरतात, प्रथिनं निम्मी होतात, ओमेगा-३ शून्यावर येतं आणि पेंडीतल्या बुरशीनं कॅन्सर होतो. म्हणून फक्त समुद्राचं खा आणि हा मेसेज दहा जणांना पाठवा.

पहिलाच दावा घेऊ, कारण बाकीची इमारत त्यावरच उभी आहे. ‘मासा मांसाहारी असतो’ हे म्हणणं ‘पक्षी मांसाहारी असतो’ म्हणण्यासारखं आहे. घार खाते, पोपट नाही. मरळ शिकारी आहे, बेडकं आणि लहान मासे गिळते. पण आपल्या तळ्यांत बहुतेक ठिकाणी कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस आणि गवत्या सोडलेले असतात. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव टिपतो, रोहू शेवाळ आणि पाणवनस्पती खरवडतो, मृगळ तळाचा कुजका गाळ चाळतो. गवत्याचं तर नावातच सगळं आलं. रोहूच्या जबड्यात दात नाहीत, पोटात जठर नाही, आणि आतडं अंगाच्या लांबीच्या कितीतरी पट लांब. शिकारी माशाचं आतडं आखूड असतं. रोहूला ‘शाकाहारी करण्यासाठी’ फारसं काही करावंच लागत नाही.

शिवाय यात नवं काय? भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मी-निम्मी कालवून तळ्यात टाकणं ही आपल्याकडची जुनी पद्धत. बंगालात शेंगदाण्याऐवजी मोहरीची पेंड. नवं इतकंच की प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात गाळ नसतो, नैसर्गिक खाद्य कमी तयार होतं, म्हणून बाहेरून जास्त द्यावं लागतं. धरणातल्या पिंजऱ्यात वाढवतात त्या पंगस माशाला तर सगळंच वरून.

मग ही भीती आली कुठून? सॅमनवरून. सॅमन हा परदेशात पाळला जाणारा मासा, आणि खरा मांसाहारी. नॉर्वेत १९९० च्या सुमारास त्याच्या खाद्यातला सुमारे ९० टक्के भाग समुद्रातून यायचा, म्हणजे फिशमील (मासे दळून केलेली पूड) आणि माशाचं तेल. पुढच्या पंचवीसेक वर्षांत तो पाव हिश्श्याच्या आसपास आला, बाकी जागा सोया, गहू आणि मोहरीवर्गातल्या तेलानं घेतली. साध्या सोयापेंडीनं सॅमनच्या आतड्याच्या मागच्या भागाला सूज येते, हेही संशोधनात दिसलंय. ते सगळं खरं आहे. फक्त ते सॅमनचं आहे.

सोयाबीनचे दोष रोहूलाही लागू आहेत, नाही असं नाही. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात. ते उष्णतेनं मोडतात. म्हणून तेल काढून भाजलेली सोयापेंड, म्हणजे डीओसी, चालते, पण घरचं सोयाबीन नुसतं भरडून तळ्यात टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. डीओसीत प्रथिनं ४५ टक्क्यांच्या आसपास असतात, पण मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. खाद्य बनवणारे ते वरून घालतात, किंवा थोडं फिशमील मिसळतात.

हार्मोनचं काय? सोयाबीनमध्ये आयसोफ्लॅव्होन असतात, इस्ट्रोजेनसारखा क्षीण परिणाम करणारे. प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात, भरपूर मात्रेत दिल्यावर काही माशांवर परिणाम दिसतात. पण तेवढ्यावरून रोहूचा तुकडा टाकायचा असेल, तर सोया चंक्सचा पुलाव आधी टाकायला हवा. तिथं तर मध्ये मासाही नाही. गोंधळ बहुधा चिलापी (टिलापिया) माशावरून झालाय. तिची पिल्लं सगळी नर व्हावीत म्हणून हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करण्याच्या केंद्रात, सुरुवातीचे तीन-चार आठवडे मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे नर हार्मोन देण्याची पद्धत आहे. त्यावर वाद घाला, जरूर घाला. सोयाबीनचा त्यात हात नाही.

प्रथिनं निम्मी होतात, हे साफ खोटं. खाद्य निकृष्ट असेल तर मासा हळू वाढतो, बारीक राहतो. त्याच्या मांसातली प्रथिनं त्याच्या जातीप्रमाणेच राहतात.

चरबीचं मात्र तसं नाही, ती खाद्याप्रमाणे बदलते. स्कॉटलंडच्या पाळीव सॅमनमधलं ईपीए-डीएचए (ओमेगा-३ मधली माशात मिळणारी दोन मुख्य मेदाम्लं) २००६ ते २०१५ दरम्यान निम्म्यावर आलं. पण रोहू-कटला या बाबतीत तारली-बांगड्याच्या पंगतीला कधी नव्हतेच, नदीतले असोत की शेततळ्यातले. ओमेगा-३ साठी बांगडा खा, कोण अडवतंय! मात्र शून्य हा आकडा कुठून काढला? वनस्पतीतल्या मेदाम्लापासून थोडं ईपीए-डीएचए गोड्या पाण्यातले मासे स्वतः बनवतात.

आता बुरशी. मेसेजमध्ये एवढंच वाक्य काळजीचं आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या हॅचऱ्यांमध्ये ट्राउट माशांना यकृताच्या गाठी झाल्या. मूळ सापडलं खाद्यातल्या बुरशी धरलेल्या सरकी पेंडीत: अफ्लाटॉक्सिन. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी शेंगदाणा पेंडीनं मेले. हे विष साध्या उकळण्यानं जात नाही. पण ते सोयाबीनचं किंवा शेंगदाण्याचं अंगचं नाही, ओलाव्याचं आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात पेंडीची पोती थेट जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवली की बुरशी धरणारच, मग ती गाईपुढे जावो की माशापुढे. पोतं फळीवर ठेवावं, महिन्याभराचंच भरावं, वास आलेली पेंड स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

राहिला समुद्र. जगाची सागरी मासेमारी १९९० च्या दशकापासून जवळपास तिथंच थांबली आहे. वाढलाय तो पाळलेला मासा. त्याला खाऊ घालायला समुद्रातलेच लहान मासे दळायचे, तर माणसाच्या ताटातली तारली कारखान्यात जाणार. पेंडीकडे वळण्याचं मोठं कारण हेच आहे, आणि दुसरं भाव: फिशमील महाग.

एक खरी अडचण मेसेजमधून निसटलीच. पेंडीतलं बरंचसं फॉस्फरस माशाला पचत नाही, पाण्यात उतरतं. त्यात खाद्य जास्त पडलं की पाणी हिरवंगार, आणि तेच पाणी द्राक्षबागेच्या ड्रिपला. फिल्टर चोंदतात, लॅटरलची, म्हणजे ड्रिपच्या नळ्यांची, छिद्रं बुजतात. खाद्य ट्रेमध्ये टाकून अर्ध्या तासात संपतंय का पाहणं, उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी करणं, हा त्यावरचा साधा उपाय. पण फिल्टर धुण्याबद्दलचा मेसेज दहा जणांना कोण पाठवणार?