चिमट्यानं बंद केलेलं पान

पुस्तकाचं नाव मुद्दाम सांगत नाही. चित्रं फार सुरेख आहेत आणि ज्यांनी काढलीत त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो शेवटच्या पानावर.

गोष्ट साधी. अस्वलाचं पिल्लू डोंगर सोडून शहरात राहायला येतं. त्याला करमत नाही. खिडकीत बसून राहतं, जेवत नाही. मग शेजारची खार येते, दोघं खेळतात आणि शेवटी पिल्लू म्हणतं, आता हेच माझं घर. संपलं. ३२ पानांत अख्खा डोंगर पुसून टाकला.

आम्ही गेल्या जूनमध्ये सांगलीहून नवी मुंबईत उलव्याला आलो. लेक दुसरीत. सुरुवातीचे दोन महिने रोज रात्री दिवा घालवला की हिचा प्रश्न ठरलेला, "आजोबांनी सायकल आत घेतली असेल का गं?" तिकडे ते हिचं काम होतं. आजोबा सायकल ढकलणार, ही उंबऱ्याला फळी लावणार. भडंग काय, कुणी ना कुणी येता-जाता आणून देतं. फळी लावायचं काम कुठून आणायचं?

वर भेटेल तो सांगतो, "मैत्रिणी झाल्या की रमेल." मीही म्हटलंय, उगाच साळसूदपणाचा आव नको.

आपल्याकडे सासुरवाशिणीच्या माहेरओढीला केवढं मोठं दालन आहे! जात्यावरच्या ओव्या घ्या, भोंडल्याची गाणी घ्या. नवरा चांगला मिळाला म्हणून बाई माहेर विसरली, अशी ओवी निदान माझ्या कानावर तरी आलेली नाही. दोन्ही एकाच पोटात राहतं, हे पहाटे दळणाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. सात वर्षांच्या पोरीकडून मात्र आपली अपेक्षा अशी की खार आली, आता डोंगर सोड.

१६८८ साली योहानेस होफर नावाच्या स्विस माणसानं घराच्या ओढीला चक्क आजार ठरवून 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिलं. ऐकायला विनोदी वाटतं, पण त्यानं सुचवलेला इलाज सरळ होता, माणसाला घरी पाठवा. मैत्रीण नावाची गोळी देऊन घर विसरायला लावा, असं काही तो म्हणाला नव्हता.

आणि चित्रांच्या पुस्तकाला तर हे किती सोपं! एक शब्द न लिहिता मागच्या खिडकीत डोंगर तसाच ठेवता आला असता. खेळ पुढे चालू, डोंगर मागे उभा. खारीनं एकदा तरी विचारायचं, तुझ्या डोंगरावर काय काय होतं रे? अख्ख्या पुस्तकात ती हे विचारतच नाही. स्वतःचेच खेळ खेळायला लावते. असली मैत्रीण मला तरी नको.

गेल्या रविवारी लेकीची वर्गमैत्रीण आली होती. आगरी घरातली, एकदम बडबडी. दोघी पालथ्या पडून हेच पुस्तक वाचत होत्या. तेवढ्यात तिला न्यायला तिची आजी आली. चहा होईपर्यंत आजी वरूनच चित्रं बघत होत्या. शेवटचं पान आलं तशा म्हणाल्या, "मग याचा डोंगर फोडला का?"

आम्ही सगळ्या गप्प.

नवी मुंबई विमानतळासाठी जी १० गावं उठली, त्यांतल्या एका गावच्या त्या. आता सिडकोनं दिलेल्या प्लॉटवर तीन मजली घर आहे, नातीला स्वतंत्र खोली आहे. उलव्याचा जवळपास ९० मीटरचा डोंगर फोडून सपाट केला, तो यांच्या अंगणातून दिसायचा. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, आता विमानंही उडतात. "विमानतळाला दि. बां.चं नाव लागायला पाहिजे, ते आमचेच," असं त्या प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्याबद्दल ठासून म्हणाल्या आणि लगेच पुढं म्हणाल्या, "पण मला तिकडं अजून करमत नाही." गाव सोडून जेमतेम काही किलोमीटरवर राहणारी बाई हे सांगत होती. आम्ही सांगलीचे. आम्हाला निदान परत जायला सांगली आहे.

मग नात माझ्या लेकीला म्हणाली, "तुमच्याकडं नदी आहे?"

"कृष्णा."

"आमची पण होती. वळवली."

"नदी वळवतात?"

"वळवतात. ना गं आजी?"

आजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि आमच्या सोफ्यावर बोट फिरवून दाखवलं, आधी कुठून जायची, आता कुठून जाते. जुनी वाट दाखवताना बोट झरझर गेलं. नव्या वाटेला दोनदा अडलं.

त्या रात्री लेकीनं माझा केसांचा चिमटा घेतला आणि पुस्तकाचं शेवटचं पान मागच्या पुठ्ठ्याला लावून बंद केलं. आता गोष्ट एक पान आधीच संपते. पिल्लू आणि खार खिडकीत शेजारी बसलेत, पाठमोरे. बाहेर काय दिसतंय ते कळत नाही. चिमटा परत मागितला तर मिळाला नाही, त्यामुळे सध्या मी केसांना रबर लावून ऑफिसला जातेय.