चौथा बॉल आणि उभी राहिलेली टेन पिन

आज सकाळी डेट्रॉइटजवळ मुलांच्या बोलिंग स्पर्धेत आपल्याच एका मराठी बाबांनी चौदा वर्षांच्या लेकीला सगळ्यांदेखत झापलं. "चौथा बॉल घेऊन दिलाय, अजून काय पाहिजे तुला?" पोरीचे डोळे भरलेले. एकाच गेममध्ये तिसऱ्यांदा तिची टेन पिन, म्हणजे दहा पिनांतली मागच्या रांगेतली उजव्या टोकाची, उभी राहिली होती. हेच बाबा आल्या आल्या सगळ्यांना विचारत होते, "फुल स्कॉलरशिप मिळते ना ह्यात?"

अहो, हिशेब तरी करा. गेमच्या दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या. प्रत्येक फ्रेमला पहिल्या बॉलने नऊ पिना आणि दुसऱ्याने उरलेली पाडून स्पेअर, पहिल्याच बॉलला दहाही पाडणारा स्ट्राइक एकही नाही, तरी गेम १९० चा होतो. त्यातला एक स्पेअर चुकला की ती एक पिन आणि पुढच्या बॉलच्या नऊ पिनांचा बोनस, बरोबर १० पिना जातात. तीन चुकले की १६०. सहा गेमच्या स्पर्धेत असंच चाललं तर १८० पिना गेल्या. ह्या पिना दोनशे डॉलरचा बॉल आणून देत नाही.

उलट तोच बॉल घात करतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याची टेन पिन उजवीकडून साधारण तिसऱ्या बोर्डावर, म्हणजे लेनच्या उभ्या पट्टीवर असते, कडेच्या गटाराला चिकटून. लेनला तेल लावलेलं असतं, ते तिथे कमी. असला रिअॅक्टिव्ह, म्हणजे वळण्यासाठीच बनवलेला, बॉल कोरड्या बोर्डांवर पकड घेतो आणि ऐन वेळी डावीकडे वळतो. म्हणून डावीकडे उभं राहायचं, लेन तिरकी कापायची आणि प्लास्टिकचा बॉल सरळ टाकायचा. प्लास्टिक जवळपास वळतच नाही. हे रोज वीस वेळा, बाकी काही न करता. कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी करत नाही.

बरं, तेलाप्रमाणे बॉल बदलावा लागतो, हे मान्य. दोन पुरतात. वाढत्या वयात त्यापेक्षा दर काही महिन्यांनी भोकांचं माप तपासा. अंतर चुकलं की मूल बॉल आवळून धरतं आणि अंगठा वेळेवर सुटत नाही.

दुसरा भ्रम सरासरीचा. आपल्या बोलिंग सेंटरवर लेनच्या मधे तेल भरपूर आणि कडेला कमी असतं, कधीकधी आठ-दहा पट फरक. बाहेर गेलेला बॉल आपोआप आत येतो. ज्युनिअर गोल्डसारख्या राष्ट्रीय युवा स्पर्धेत स्पोर्ट पॅटर्न, म्हणजे तेलाची अवघड मांडणी असते, तेल बरंच सपाट पसरलेलं. तिथे दोन बोर्ड चुकलात की चुकलातच. घरच्या लेनवर २०० मारणारं मूल तिथे १७० वर आलं, तर ते बिघडलेलं नसतं. कॉलेजच्या कोचला दोन्ही सरासऱ्या वेगवेगळ्या कळवा, तेलाच्या पॅटर्नची लांबी लिहा. व्हिडिओ मागून आणि बाजूने काढा, आणि नुसते स्ट्राइक कापून जोडू नका, स्पेअर दाखवा. कॉलेजात बेकर पद्धत खेळतात. पाच जण मिळून एक गेम, पहिल्याला पहिली आणि सहावी फ्रेम, पाचव्याला पाचवी आणि दहावी. एकाची उघडी फ्रेम (ना स्ट्राइक, ना स्पेअर) पाचही जणांच्या डोक्यावर बसते. कोच काय शोधत असेल, सांगा बघू?

आता फुल स्कॉलरशिप. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना, तिथे बोलिंग फक्त मुलींचं. पहिलं विजेतेपद २००४ चं, नेब्रास्काचं. व्हँडरबिल्टला कुठल्याही खेळातलं पहिलं एनसीएए सांघिक विजेतेपद २००७ मध्ये बोलिंगनेच मिळवून दिलं, तेव्हा "बिअर-पिझ्झाचा खेळ" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. पण डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या वरच्या श्रेणीतल्या, संघाला वर्षानुवर्षं जेमतेम पाच शिष्यवृत्त्यांएवढा पैसा होता, तोही आठ-दहा जणींत वाटायचा. २०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे द्यायची नवी व्यवस्था घेतलेल्या कॉलेजांत ती मर्यादा उठली, पण म्हणून तिजोरी उघडली असं नाही. मुलग्यांनी एनएआयए ह्या लहान कॉलेजांच्या संघटनेतली कॉलेजं आणि क्लब संघ बघावेत. आणि डिव्हिजन वनला हायस्कूलचे १६ कोअर (मुख्य) विषय व त्यात २.३ जीपीए लागतो. अभ्यासाचं आपल्या लोकांना सांगायला नको.

खरा पैसा थेंबाथेंबाने येतो. लीगचे पंचवीस, स्पर्धेचे शंभर. तो हातात पडत नाही, यूएसबीसी ह्या अमेरिकन बोलिंग संघटनेच्या 'स्मार्ट' शिष्यवृत्ती खात्यात मुलाच्या नावावर जमा होतो आणि प्रवेशानंतर शिक्षणासाठीच मिळतो. नाव आणि जन्मतारीख दर वेळी तीच लिहा. कधी वडिलांचं नाव मधे, कधी गायब, असं केलं की घोळ होणारच. सदस्य क्रमांक जपा, पत्ता आणि ईमेल बदलला की कळवा, पैसे वापरायची मुदत दरवर्षी तपासा. सकाळच्या त्या बाबांना चारही बॉलचे कोअर, आतले गाभे, पाठ होते. खात्याचं विचारलं तर म्हणाले, "असं काही असतं का?"

रागावून लिहायला बसलो होतो, पण आता वाईटही वाटतंय. शनिवारी पहाटे उठून बर्फातून तासभर गाडी हाणत आणलं होतं त्यांनी तिला. चौथा बॉलही मायेपोटीच घेतला असणार. पण म्हणून सगळ्यांसमोर? नाही हो, ते नाहीच पटत.

शेवटच्या गेमला टेन पिन परत उभी राहिली. पोरीने मागे वळून रॅकवरचा सेंटरचा फुकटचा बारा पौंडी बॉल उचलला, तो प्लास्टिकचाच असतो, आणि डावीकडून सरळ टाकला. पडली. बाबा तेव्हा नाचोच्या रांगेत होते.