सुपारीएवढा सूर्य

समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाला पोहता नाही आलं तरी भागतं, पण परक्याच्या फोनने फोटो काढता आलाच पाहिजे. डिसेंबर आणि मे महिन्यांत तर हे गावकीचं कामच होऊन बसतं. संध्याकाळी पुळणीवर पाय ठेवला, की "काका, जरा एक फोटो काढता का?" असं म्हणत कुणीतरी फोन हातात कोंबतं आणि उत्तराची वाट न बघता आपल्या माणसांत जाऊन उभं राहतं. माणसं नऊ. पाठीमागे समुद्र, समुद्रावर सूर्य. अपेक्षा एवढीच, की नऊच्या नऊ चेहरे दिसावेत, सूर्य लाल यावा, समुद्र निळा यावा आणि आत्या बारीक दिसावी.

यातलं सगळ्यात सोपं काम आत्याचं. ते शेवटी सांगतो.

फोन हाती आला की तो आधी उलटा करून लेन्सकडे पाहावं. तिथे दुपारच्या बांगड्याचं तेल असतं, वर सनस्क्रीन, त्यावर खाऱ्या वाऱ्याचा थर. अशा लेन्समधून सूर्याकडे पाहिलं की सूर्यातून दोन्ही बाजूंना रेघा निघतात आणि सगळ्या चित्रावर ताकासारखं पांढुरकं पाणी फिरतं. लोक म्हणतात, कॅमेरा बिघडला. बिघडलेलं काही नसतं, बोटं धुतलेली नसतात. मात्र सदऱ्याच्या टोकाने पुसू नये. त्या टोकाला वाळू असते, आणि वाळूतली गारगोटी काचेपेक्षा कठीण. आधी फुंकर मारावी, मग पिण्याच्या पाण्याने जेमतेम ओला केलेला कापूस फिरवून मीठ विरघळवावं आणि मग चष्म्याच्या कोरड्या फडक्याने टिपावं. गारेगार एसी गाडीतून आत्ताच उतरलेला फोन असेल, तर दमट हवेने लेन्सवर वाफ धरते. ती पुसली तरी पुन्हा येते. दहा मिनिटं फोन नुसता हवेवर धरावा, म्हणजे काच तापते आणि वाफ आपणहून जाते. ही दहा मिनिटं पाहुण्यांना पटवणं हे फोटोग्राफीतलं सर्वांत अवघड अंग आहे.

आता मूळ दुखणं. कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलाय. सूर्य समुद्रात बुडतो हे आपलं भाग्य, आणि समुद्राला पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडावर त्या वेळी उजेडच नसतो हे त्याच भाग्याचं दुसरं टोक. कॅमेरा बिचारा आभाळ सांभाळेल किंवा माणसं. चेहऱ्यावर बोट टेकवलं तर चेहरे उजळतात आणि मागचं आभाळ धुतलेल्या धोतरासारखं पांढरं होतं. आभाळावर टेकवलं तर नऊ माणसांचे नऊ कोळसे. एचडीआर म्हणजे फोन कमीजास्त उजेडाचे अनेक फोटो पटापट काढून एकात मिसळतो. त्याने थोडं सावरतं, पण तेवढ्यात धाकटं पोर पळालं तर त्याला तीन हात येऊ शकतात. फ्लॅश लावा म्हणणारा एक भावोजी प्रत्येक घरात असतो. फोनच्या त्या दिव्याचा उजेड दीड-दोन मीटरांपलीकडे फारसा कामाचा नसतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. चार मीटरवरच्या आत्यापर्यंत तो पोचेपर्यंत थकून बसलेला असतो.

म्हणून मी म्हणतो, "जरा फिरून उभे राहा." किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला आहे, त्याचा फायदा घ्यायचा. आपण दक्षिणेकडे तोंड करून फोन धरायचा, म्हणजे समुद्र चित्राच्या उजव्या बाजूला येतो. माणसांनी अर्धवट समुद्राकडे वळायचं. सूर्य बुडण्याआधीच्या अर्ध्या तासात तिरपा पिवळा उजेड गालावर पडतो, डोळे मिचकावे लागत नाहीत, लाटाही येतात आणि मागे सुरूची झाडंही. यापेक्षा चांगला फोटो त्या जागी निघत नाही. पाहुणे अत्यंत नम्रपणे विचारतात, "पण मग सूर्य?"

सूर्याचं खरं सांगायचं तर तो फार लहान असतो. आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश. साध्या एकपट (फोनवर 1x लिहिलेल्या) लेन्सने काढलेल्या चार हजार ठिपके, म्हणजे पिक्सेल, रुंदीच्या फोटोत त्याच्या वाट्याला जेमतेम पंचवीस-तीस ठिपके येतात. डोळ्यांना तो परातीएवढा वाटतो तो आपला आदरभाव. पण पाहुण्यांना तो तळहातावर हवा असतो. इथे थोडा हिशेब लागतो. तळहात कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर असेल, तर त्यावर बसणारा सूर्य पावणेतीन सेंटिमीटरचा, म्हणजे सुपारीएवढा. नवरा मुलगा बायकोला सुपारी देतोय असा फोटो येतो, आणि तो कुणालाच आवडत नाही. दहा मीटरांपर्यंत मागे सरकलं की तोच सूर्य नऊ सेंटिमीटरचा होतो. हा हापूस. पंधरा मीटरवरून सोललेला नारळ. सूर्य वाढत नाही, माणूस लहान दिसायला लागतो. मग फोनवर तीनपट झूम लावून माणसाला परत जवळ आणायचं. वेगळी झूम लेन्स असेल तर उत्तम. नसेल तर दोनपटीवर थांबावं, पुढे नुसते ठिपके फुगतात.

मागे सरकण्याची किंमत गुडघ्यांनी मोजावी लागते. सूर्य क्षितिजाच्या दोन अंश वर असेल आणि हात छातीच्या उंचीला असेल, तर दहा मीटरवरून तो हातावर बसण्यासाठी फोन कंबरेएवढा खाली धरावा लागतो. चार अंश वर असेल तर वाळूत गुडघे टेकायचे. सूर्य खाली येतो तसं दर चार-सव्वाचार मिनिटांना वीतभर वर उठायचं. खाली तो सरळ येत नाही, थोडा उजवीकडे घसरत येतो, म्हणून उठता उठता डावीकडे सरकायचं. हे दृश्य दुरून ध्यानमग्न खेकड्यासारखं दिसतं. इकडे सूर्याच्या शेजारच्या आभाळावर बोट दाबून ठेवावं, लॉक झाल्याची खूण येईपर्यंत सोडू नये, मग तेच बोट खाली ओढून उजेड कमी करावा. माणूस काळा येणार, हे आधीच सांगून ठेवावं.

काळ्या आकृतींचाच फोटो काढायचा ठरला, तर एकच नियम: अंगाला अंग लावू नये. प्रेमाने बिलगलेलं एकत्र कुटुंब उजेडाविरुद्ध भाताच्या उडवीसारखं दिसतं. दोघांच्या मध्ये हातभर आभाळ दिसलं पाहिजे, तोंड बाजूला वळलेलं हवं म्हणजे नाक कळतं. हे ऐकल्यावर जाऊबाई आणि सासूबाई ज्या तत्परतेने हातभर अंतर ठेवतात, त्यावर मी काही बोलत नाही.

क्षितिजरेषा सरळ ठेवण्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघांची जाळी, चालू करावी. ती नसली की समुद्र पार गोव्याच्या बाजूला सांडतो. आणि ती रेषा कुणाच्या मानेतून जाऊ देऊ नये. वीतभर खाली बसलं तर ती खांद्याखाली उतरते.

वाळूचंही एक आहे. कॅमेऱ्याची समजूत अशी, की जग सरासरी राखाडी आहे. तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूला तो राखाडी करून ठेवतो, तिथे बोट वर ओढून उजेड वाढवावा. काळ्या वाळूच्या पुळणीवर उलट, ती उगाच फिकी दिसते, तिथे कमी करावा. काळ्या वाळूत लोहखनिजही असतं, तेव्हा फोन तीत पालथा ठेवू नये. स्पीकरच्या चुंबकाला चिकटलेले कण मग घरापर्यंत सोबत येतात.

पाहुण्यांना न कळणारी आणि कोळ्यांना पाठ असलेली गोष्ट म्हणजे तिथी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे संध्याकाळी पुळण अर्धी पाण्याखाली. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी बरोबर सूर्यास्ताच्या वेळी. पाणी नुकतं उतरलेली वाळू तेव्हा आरशासारखी चमकते. फोन उलटा धरून लेन्स जमिनीपासून चार बोटांवर आणली, की एका आभाळाची दोन होतात. कॅलेंडरवरची पौर्णिमा बघून सुट्टी काढणारा पाहुणा अजून भेटायचाय.

किल्ल्यांची तऱ्हा तीच. हर्णैवरून सुवर्णदुर्ग, मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्ग, राजपुरीवरून जंजिरा, सगळे आपल्या पश्चिमेला. संध्याकाळी ते आभाळापुढचे काळे डाग. सकाळी डोंगर आणि माडांच्या वर उन्हाने डोकं काढलं, की तटबंदीचा दगडन् दगड मोजता येतो. ती वेळ साडेसात-आठची. त्या वेळी पाहुणे घावन खात असतात.

पाण्याबद्दल थोडक्यात. फोनवर आयपी अडुसष्ट (IP68, पाण्या-धुळीपासून बचावाची खूण) लिहिलंय म्हणून तो लाटेत नेऊ नये, ती परीक्षा गोड्या पाण्यातली असते. खारं पाणी लागलंच तर फोन बंद करून गोड्या पाण्याच्या ओल्या कापडाने पुसावा, तोंड खाली करून वाळवावा, चार्जर लावू नये. तांदळाच्या डब्यात तर मुळीच घालू नये, चार्जिंगच्या भोकात कोंडा जातो. तांदूळ आपल्याकडे भरपूर आहेत म्हणून त्यांना सगळीच कामं सांगायची नसतात.

राहिली आत्या. अर्धापट वाइड लेन्स चित्राच्या कडेचं सगळं बाहेर ताणते. म्हणून आत्याला मधोमध उभी करावी, कडेला काटकुळे पुतणे ठेवावेत आणि शक्यतो चार पावलं मागे जाऊन एकपटीनेच काढावं. नऊ माणसांत कुणाचे तरी डोळे मिटणारच, तेव्हा बटण दाबून धरून किंवा ओढून दहा-बारा फोटो एका दमात घ्यावेत.

क्षितिजाला टेकल्यापासून पुरता बुडेपर्यंत सूर्य सव्वादोन मिनिटं घेतो. आत्याला मधे आणायला पाच लागतात. त्यामुळे सूर्य नसलेला फोटो घेऊन मंडळी जरा हिरमुसून सोलकढीकडे वळतात, आणि त्यानंतर पंधरा मिनिटांनी आभाळ जांभळं-केशरी होतं. तेव्हा किनाऱ्यावर दोन कुत्री आणि मी असतो. तेवढ्यात सुरूबनात आणखी एक गाडी थांबते, चारही दारं एकदम उघडतात, आणि मी खिशातलं चष्म्याचं फडकं बाहेर काढून ठेवतो.