मोऱ्याला जाणारी लाँच

आत्याने फोनवर तीनदा सांगितलं होतं, "नेरूळला ये, तिथून उरणची लोकल पकड, स्टेशनवर तुला घ्यायला कोणीतरी येईल." जानेवारी 2024 पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. त्याच महिन्यात अटल सेतूही सुरू झाला. म्हणजे मी पाडव्याला आत्याकडे जेवायला जावं म्हणून सरकारने दोन सोपे रस्ते करून ठेवले होते. पण मी पुण्याचा. सोपा रस्ता दिसला की आमच्या मनात शंका येते. शिवाय लहानपणी बाबांबरोबर भाऊच्या धक्क्यावरून लाँचने उरणला गेलो होतो, ते तोंडावर उडणारं खारं पाणी अजून आठवत होतं.

"मी लाँचने येतो," मी म्हणालो. पलीकडे थोडा वेळ नुसता मिक्सर ऐकू आला.

खरं तर पुण्याहून उरणला जाणाऱ्या माणसाने नेरूळच्या पुढे मुंबईच्या बाजूला नाक काढायचं कारण नाही. पण फोर्टमधल्या एका कचेरीत एक सही घ्यायची होती, म्हणून या द्राविडी प्राणायामाला निमित्त मिळालं. सकाळी डेक्कन क्वीन पकडली. पाठीवर सॅक, हातात पिशवी. पिशवीत साखरेच्या गाठी आणि स्टीलच्या डब्यात टॉवेलने गुंडाळलेलं दोन किलो श्रीखंड. सही मिळेपर्यंत अडीच वाजले. मार्चमधले अडीच. टॉवेल ओला लागायला लागला होता.

सहीवाल्या साहेबांना विचारलं, "उरणला जायला बोट कुठून?" ते वर न बघता म्हणाले, "गेटवे." आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसाने एका शब्दात उत्तर दिलं म्हणून माझा लगेच विश्वास बसला.

गेटवेवर तिकीटवाल्यांनी मला घेरलं. घारापुरी? मांडवा? बंदराची चक्कर? मी म्हणालो, मोरा, म्हणजे उरणचा धक्का. सगळे एकदम पांगले. एकाला दया आली. "मोरा इथून नाय, भाऊचा धक्का." मी कमानीच्या सावलीत उभा राहून डबा या हातातून त्या हातात घेतला. 1911 साली पंचम जॉर्ज इथे उतरला तेव्हा त्याच्या स्वागताची ही कमान बांधून व्हायची होती, म्हणून त्याला पुठ्ठ्याची दाखवली. खरी पूर्ण झाली 1924 मध्ये. आणि 28 फेब्रुवारी 1948 ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीत बसून निघून गेली. दीडशे-दोनशे वर्षं राज्य करून निघालेल्यांनाही बोट कुठून सुटते ते बरोबर ठाऊक होतं.

मोबाईलवर 'भाऊचा धक्का' शोधलं. टीव्हीवरच्या कुठल्याशा कार्यक्रमात लोक एकमेकांवर ओरडत असल्याचे चाळीस व्हिडिओ निघाले. शेवटी टॅक्सी केली.

"भाऊचा धक्का."

"वो मच्छीवाला?"

"हां, वहीं."

सात-आठ मिनिटांत पोचलो. मुंबईत इतक्या लवकर कुठेही पोचलो तर माणसाने सावध व्हायला हवं. मच्छीचा वास होता, बर्फाच्या गाड्या होत्या, होड्या होत्या, फक्त धक्का भाऊचा नव्हता, ससून होता. 1875 साली कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली ही गोदी. कापूस कधीच गेला, मच्छी राहिली, आणि वासावर पत्ता शोधणारे टॅक्सीवाले राहिले. माझी टॅक्सी तर मला उतरवून केव्हाच गेली होती. दुसऱ्या टॅक्सीवाल्याने पत्ता ऐकून माझ्या पिशवीकडे संशयाने पाहिलं. "मच्छी है क्या?" मी झाकण उघडून श्रीखंड दाखवलं. त्याने वाकून वास घेतला आणि मगच मीटर पाडला.

मग पी. डिमेलो रोड. या रस्त्याने मुंबईतले सगळे ट्रक एकमेकांना भेटायला येतात. उजवीकडे बंदराची भिंत. भिंतीपलीकडे समुद्र आहे असं म्हणतात, त्यावर श्रद्धा ठेवायची. मोबाईलमधली बाई गोड आवाजात फ्रीवेवर चढायला सांगत होती. मी वेळेवर ओरडलो म्हणून बरं, नाहीतर श्रीखंडासकट सरळ चेंबूर.

टॅक्सीवाल्याला मी भाऊंची माहिती दिली. त्याने मागितली नव्हती, पण ट्रक हलत नव्हता. हे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, कंपनी सरकारच्या काळातले गृहस्थ. गलबतातून उतरणाऱ्या लोकांना गुडघाभर चिखल तुडवत किनारा गाठावा लागे, ते बघवेना म्हणून त्यांनी हा धक्का बांधला असं सांगतात. आजचा धक्का त्या मूळ जागी नाही, पण नाव बरोबर चालत आलं. इंग्रजीत याला फेरी व्हार्फ म्हणतात. टॅक्सीवाला शांतपणे म्हणाला, "फेरी वार्फ बोलना था ना पहले."

पावणेपाचला धक्क्यावर उतरलो. बर्फाचं पाणी, जाळ्यांचे ढीग, क्रेटच्या उतरंडी आणि दोन धष्टपुष्ट मांजरं. मी विजयी मुद्रेने तिकीट खिडकीशी गेलो. खिडकी बंद. वर फळ्यावर खडूने लिहिलेलं, 'ओहोटीमुळे मोरा लाँच बंद.'

ट्रॅफिक समजतो. संप समजतो. ऐन वेळी समुद्रच कमी पडला ही तक्रार कोणाकडे करायची?

बाजूला रिकाम्या पाट्या उपड्या घालून एक कोळीण बसली होती. तिने सरकून जागा दिली. "बस दादा. आज आवस हाय ना. आवशीला उधान, पानी लांब जातं. मोऱ्याला नुस्ता गाल. लाँच रुतते."

"मग केव्हा सुटेल?"

तिने बोटांची पेरंसुद्धा मोजली नाहीत. आवस म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ती भरती. तिथून सहा तास आणि थोडं वर, म्हणजे साडेपाचला पाणी तळाला. मग परत चढायला दोन तास धर. "साडेसात-आठ."

तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे मला शाळेत भूगोलात होतं. चतुर्थीला तीन वाजता, असं उदाहरणही पाठ होतं. मला त्यात पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. पुण्यात मुठेला भरती येत नाही, त्यामुळे ते ज्ञान कोरं करकरीत राहिलं होतं. पण मला खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. उद्या पाडवा आहे हे मला महिनाभर माहीत होतं. गाठी घेतल्या, श्रीखंड घेतलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावास्या असते हे सांगायला पंचांग लागत नाही. चिखल टाळायला भाऊंनी या बाजूला धक्का बांधला, मी दोनशे वर्षांनी त्या बाजूच्या गाळासाठी ताटकळत बसलो.

आत्याला फोन लावला.

"अरे, आज आवस ना! मला वाटलं तुला ठाऊक असेल, एवढा शिकलेला तू. लोकल सांगितली होती मी." मग आवाज बदलला. "श्रीखंड कसं आहे?"

मी डबा हलवून पाहिला. आतून पाण्यासारखा आवाज आला.

"बर्फ घे. धक्क्यावर बसून बर्फ नाही म्हणू नकोस."

कोळीणमावशी सगळं ऐकत होती. तिने कोणाला तरी हाक मारली. एक पोरगा फावड्याने मच्छीच्या क्रेटमधला बर्फ घेऊन आला आणि तिने स्वतः माझा डबा तिच्या पाटीत गळ्यापर्यंत पुरला. पैसे घेतले नाहीत. गाठी मात्र नातवासाठी एक मागून घेतली. पाणी खरोखर चढत होतं. धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून बुडताना मी मोजत होतो. पावणेआठला लाँच लागली. तोंडावर खारं पाणी उडालं, पण अंधारात ते नेमकं चष्म्यावर उडालं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. श्रीखंड पुन्हा घट्ट झालं होतं, रंगही छान होता. आत्याने पहिला चमचा तोंडात घेतला आणि थांबली.

"केशर आहे, वेलची आहे," ती म्हणाली. "आणखी कसला वास येतोय रे?"

मी पुरी मोडत म्हणालो, "जायफळ."